मक्याचा मुलूख

शहापूरहून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्यावर चैत्र संपता संपता धूर दिसू लागतो. शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि गवत अंथरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि पेटवतात. याला राब भाजणं म्हणतात. पुढे त्याच राखेत भाताचं बी पेरायचं आणि रोपं वर आली की ती उपटून बाकीच्या शेतात लावायची. राबाचा धूर फार वर चढत नाही. तो जमिनीलगत पसरतो, कौलांखाली शिरतो, वाळत घातलेल्या लुगड्यांत बसतो. यंदा सुट्टीत गावी येताना गाडीवानाने बैल थांबवले, डोळे पुसले आणि म्हणाला, "लवकर पेटवलं यंदा." असा वास आला की घरी आल्याचं सुख होतं, असं लिहिण्याची पद्धत आहे. आमच्या घरी तसं होत नाही. हा धूर आला की घरातली माणसं थोडा वेळ एकमेकांकडे बघत नाहीत.

त्याला कारण एक जेवण आहे. ते काही वर्षांपूर्वी याच दिवसांत झालं. तेव्हा लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं.

त्या जेवणाचं सांगायचं तर आधी धोंडूमामाचं सांगायला हवं. धोंडूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गाव शेणवे. तो पोरवयात मुंबईला गेला आणि एका पारशी शेठच्या स्वयंपाकघरात राहिला. शेठना जुन्या पडक्या इमारतींचं वेड होतं आणि त्यांचं पोट नाजूक होतं. शेठ पडकी देवळं पाहायला जात आणि त्यांच्या पोटाची काळजी वाहायला मामा बरोबर जाई. लढाईच्या आधी एका साली दोघे बोटीने विलायतेला आणि तिथून पुढे मेक्सिकोला गेले. एक अख्खा हिवाळा तिथे हिंडले. शेठ वारल्यावर मामा शेणव्याला परतला. त्याने लग्न केलं नव्हतं. शेती होती ती पुतणे करत, आणि उन्हाळाभर मामा आमच्याकडे, मुरबाडच्या बाजूला, येऊन राहत असे.

संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं जमायची. मामा सांगायचा ते क्रमाने नसे. आज डोंगरावरचं चांदीच्या खाणींचं शहर, उद्या जंगलात बुडालेलं देऊळ, परवा बाजारातली एखादी म्हातारी. कुठलं गाव कुठल्या गावाच्या कुठल्या अंगाला, हे त्याला सांगता येत नसे. चव मात्र बरोबर सांगता येत असे.

"देऊळ कसलं, डोंगरच तो," तो म्हणे. "सगळा दगडाचा. पायऱ्याच पायऱ्या. माथ्यावर बघावं तर काय नाय. शेठ म्हनला, चल वर. मी म्हनलो, देव नाय तर चढू कशाला?"

"मंग चढलास का?" कोणीतरी विचारी.

"चढलो. शेठचं पानी माझ्याकडं व्हतं ना."

हे शंभरदा ऐकलेलं असलं तरी माणसं हसत. गेल्या वर्षी माझ्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आलेल्या एका परदेशी मासिकात त्या देवळाचं चित्र होतं. पायऱ्या मामा सांगे तशाच उभ्या होत्या. माथ्यावर खरंच काही नव्हतं.

शहरांचं तो वेगळ्या आवाजात सांगे. लांबच लांब कमानींच्या ओवऱ्या, मधोमध चौक, चौकात झाडं आणि बाकं, संध्याकाळी बँड. घरांच्या भिंतींना बांगडीच्या काचेसारख्या चकचकीत निळ्या फरश्या. "वसईच्या किल्ल्यात फिरंग्यांची मोडकी देवळं हायत ना, तसलीच तिथं धड उभी हायत. घंटा वाजतात. आत मानसं हायत." एका गावी टेकडीवर असंच एक देऊळ होतं. शेठनी त्याला खाली वाकून पाहायला लावलं, तेव्हा कळलं की ती टेकडी नव्हतीच. तेही जुनं देऊळच, वर माती साचून गवत उगवलेलं. फिरंग्यांनी त्याच्या डोक्यावर आपलं बांधलं होतं. मामा म्हणे, खालच्याला ठाऊक हाय, वरच्याला ठाऊक हाय, दोघंबी बोलत नाय.

आणि खाणं. खाण्याचं बोलायला लागला की मामाचे हात थांबत नसत. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी साल हाताने सुटते. मग गुडघे टेकून बसतात आणि तीन पायांच्या दगडी पाट्यावर तो ओला मका वाटतात. गोळा घेऊन दोन्ही तळव्यांत थापतात. मामा टाळ्या वाजवल्यासारखं करून दाखवी. सकाळी गल्लीत शिरलं की घराघरातून त्या टाळ्या ऐकू येतात. मातीच्या तव्यावर भाजलेल्या भाकऱ्या टोपलीत फडक्याखाली ठेवतात, त्या दुपारपर्यंत मऊ राहतात. त्यांच्यावर दगडात ठेचलेली मिरची आणि टोमॅटो. आपण हळदीच्या पानात पातोळ्या करतो, तसं ते कणसाच्या पानात पीठ बांधून उकडतात. लग्नाला मोठं थोरलं कोंबडं, काळ्या रश्श्यात, आणि त्या रश्श्यात मिरच्यांबरोबर चॉकलेट. निवडुंगाचे काटे काढून तोही भाजून खातात.

शेजारचे नामाकाका यावर म्हणत, "मंग धोंडू, आमच्या कुंपनावर कवा येतोस जेवायला?"

"शेठ म्हनायचा, मिरची आपल्याकडं तिकडूनच आली."

"शेठला म्हनावं, आमच्या आजीच्या परसात व्हती."

मामामुळे आमच्या घराला वजन आलं होतं. म्हसाच्या जत्रेत लोक वडिलांना "मेक्सिकोवाल्याचे दाजी" म्हणून ओळखत. वडिलांना ते आवडे. त्यांनी स्वतः कल्याणच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं.

आमच्या भागात घराची पत भातावर ठरते. सोयरिकीला आलेला माणूस मानपान, शेत, गुरं यांच्याही आधी विचारतो, "भात कुठवर पुरतं?" आषाढ निघतो म्हटलं की घर चांगलं. होळीला सरतं म्हटलं की पाहुणे चहा पितात आणि उठतात. नागलीची भाकरी सगळ्यांच्याच घरी होते. ती आपल्या उतारावरची, तिची लाज कोणाला वाटत नाही. पण ती भाताच्या सोबतीने. पानात भात नाही, असं घर म्हणजे पोरगी देऊ नये आणि करूही नये असं घर.

त्या साली पीक बेताचं आलं. सरकारला द्यायचं भात, ज्याला सगळे लेव्ही म्हणत, ते द्यावंच लागलं. उरलेलं माघ संपता संपता संपलं. घरात राहिली ती बियाण्याची कणगी. मग रेशनचा मका आला. पिवळा, जाड, बोटीतून आलेला, गोणपाटाचा वास लागलेला, निम्म्या दाण्यांना भोक पडलेलं. लोक त्याला घोड्याचं खाणं म्हणत. भात पिकवणारी माणसं रांगेत उभी राहून तो घेत होती. सगळं गाव मका आणत होतं आणि कोणीच आणत नव्हतं. पिशवीवर वैरणीची पेंढी टाकून ती घरी यायची. दळण पहाटे व्हायचं, पण मका जात्यात लपत नाही, त्याचा खडखडाट वेगळा. तो नामाकाकांच्या घरातूनही येत असे. दिवस उजाडल्यावर काकी कुंपणापाशी येऊन विचारी, "काय केलं गो जेवायला?" आई सांगे, "भात नि आमटी." काकी म्हणे, "आमच्याकडंबी."

मामा त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास आला. मक्याची पिशवी बघून त्याला झाला तसा आनंद त्या साली गावात दुसऱ्या कोणाला झाला नसेल. पान खायचा चुना त्याने मागून घेतला, मका शिजवला, रात्रभर ठेवला, पाट्यावर वाटला. त्याची भाकरी दुमडली तरी मोडत नसे. तोवर आईच्या हातची मक्याची भाकरी तव्यावरून उचलताना तुकडे होत आणि ते तुकडे आम्ही आमटीत कालवत असू. आता ती हातात धरून खाता येऊ लागली. धाकटी बहीण वेणू दोन दिवसांत ती कला शिकली. वडील दोन भाकऱ्या जास्त खात आणि हात धुताना म्हणत, "भाईर बोलायचं नाय."

मामाला हे कळत नसे. "दाजी, अख्खा मुलूख हेच खातो. राजे खायचे. ते देऊळ बांधलं ते हेच खाऊन बांधलं."

"त्यांच्याकडं भात नसंल."

"हाय की. फिरंग्यांनी नेला. पन पोट याच्यानं भरतं म्हनतात."

"मंग जा तिकडं," वडील म्हणाले. आमच्या घरात मामाला ऐकावा लागलेला तो पहिला कडू शब्द.

अंगणातल्या गोष्टीही आंबल्या. मामा टाळ्या वाजवून दाखवू लागला की पूर्वी हसणारी माणसं पायाखालच्या मातीकडे बघत. एकदा नामाकाका म्हणाले, "धोंडू, रोज मक्याचंच सांगतोस. रेशनवाल्यानं नेमलाय का तुला?" हशा झाला, पण तो पहिल्यासारखा नव्हता. दोघे-तिघे धोतर झटकून उठले. पुढच्या संध्याकाळी नामाकाका आले नाहीत. मामाने ओटा झाडून घोंगडी अंथरली होती. तो बराच वेळ तिच्यावर एकटा बसला.

वेणूसाठी आलेली दोन स्थळं तोवर परत गेली होती. दोन्ही वेळा तोच प्रश्न आला आणि वडिलांना खोटं बोलणं साधलं नाही. तिसरं स्थळ वाशिंदकडचं. मुलाचे वडील हरिभाऊ, घरची भातशेती, मुलगा रेल्वेत, उंबरमाळीच्या बाजूला लायनीवर कामाला. वेणूने मुलाला जत्रेत पाहिलं होतं. तिने आईला एवढंच सांगितलं की हे जमलं तर जमलं, नाहीतर मला पुन्हा कोणासमोर बसवू नका. ती बोलायची कमी आणि बोलली की बदलायची नाही. आईने ते वडिलांना सांगितलं. वडील उठून कणगीपाशी गेले.

"ते बी हाय," आई म्हणाली.

"ठाऊक हाय."

"मंग पेराल काय?"

"पोरगी उजवू दे आधी."

बी कांडून खाणं म्हणजे काय, हे भातकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. आमच्यात एवढी चूक करायला माणूस फार भ्यालेला असावा लागतो. मामाने मधे तोंड घातलं. "दाजी, बीला हात लावू नका. मी करतो. तिकडं लग्नात करतात तसं, कोंबडं, मिरचीचा काळा रस्सा, वर ऊन ऊन भाकऱ्या. पावने बोटं चाटतील."

वडिलांनी खरोखरच हात जोडले. "धोंडू, उद्या मका हा शब्द या घरात निघाला नाय पायजे. आन तू म्होरं येऊ नको. चुलीशी ऱ्हा."

वेणू उखळापाशी होती. तिने मुसळ खाली ठेवलं नाही. मामाने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

भात मामानेच शिजवला. बियाण्याला शेतातला सगळ्यात भरीव दाणा राखतात, त्यामुळे तो भात दिसायला देखणा झाला. शीत शीत वेगळं, वास घरभर. बाहेर राबाचा धूर आणि आत तो वास. पंगत बसली. हरिभाऊंनी पहिला घास उचलला, बोटांत धरून पाहिला.

"घरचा?"

"घरचा," वडील म्हणाले.

"कुठवर पुरतं?"

"आषाढ निघतो."

या वेळी वडिलांना साधलं. हरिभाऊ मोकळे झाले, मांडी सैल करून बसले. "तुमचे मेव्हने लई लांब जाऊन आलेत म्हनं. आमच्या वाशिंदपावेतो नाव हाय. कुटं हायत? बोलवा की, आमीबी ऐकू."

"चुलीशी हाय तो," वडील म्हणाले. "कामात हाय."

"काम कसलं, आमी वाढून घेऊ. बोलवा."

मामा पंच्याला हात पुसत आला आणि दाराच्या चौकटीशी उभा राहिला. हरिभाऊंनी देवळाचं विचारलं. मामाने सांगितलं. देव नाही तर चढू कशाला, याला सगळी पंगत हसली, आणि मामा जरा फुलला. वसईसारख्या घंटा सांगितल्या, निळ्या फरश्या सांगितल्या. पाहुणे हात थांबवून ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी त्याला कोणीतरी ऐकत होतं.

"आन खातात काय हो तिथले लोक?" हरिभाऊंनी विचारलं.

वेणू तुपाची वाटी घेऊन दाराआड उभी होती. आईचा हात आमटीच्या पातेल्यात थांबला. वडील आपल्या पानाकडे बघत होते. आम्हा घरच्या माणसांना उत्तर पाठ होतं. मामाचे दोन्ही हात सवयीने थोडे वर आले, तळवे समोरासमोर. मग त्याने ते पंच्यात गुंडाळले.

"भातच," तो म्हणाला.

"भात?"

"हां. तिथंबी भातच."

हरिभाऊंना फार बरं वाटलं. "बघा. मानूस कुठंबी जाऊ दे." मग आणखी विचारलं, "आपल्यासारखा पांढरा असतो?"

"आपल्याइतका नाय," मामा म्हणाला, आणि भाताची परात आणायला आत गेला.

सुपारी त्याच दुपारी फुटली. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर वडील ओट्यावर बसले. सगळं मनासारखं झालं होतं. कोणी कोणाला शाबास म्हटलं नाही. वर्तमानपत्रात खोटी बातमी छापली गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापतात, आणि मजकूर चुकीच्या माहितीवर आधारलेला होता असं म्हणतात. त्या दुपारी माहिती चुकीची नव्हती. खरं काय ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ते मोडायला आम्ही त्याच माणसाला पुढे केलं ज्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. शेत पुतण्यांचं, घर भावाचं. त्याच्या मालकीचा असा तो एक मुलूख होता.

लग्न वैशाखात झालं. अंतरपाटापाशी मामाने वेणूला धरून आणलं, रीतीप्रमाणे. पुढे पेरणी आली तेव्हा बी पुरलं नाही. भाजलेल्या राबाचा एक तुकडा तसाच काळा राहिला. बाकीच्या तुकड्यांवर पोपटी रोपं वर आली, त्याच्यावर काही दिवसांनी गवत आलं. वडील विहिरीकडे जाताना त्या बांधावरून जायचं टाळत.

अंगणात माणसं पुन्हा येऊ लागली, कारण सोयरीक चांगली झाली होती. कोणी म्हणे, "धोंडू, ते चांदीच्या शहराचं सांग." मामा म्हणे, "इसरलो." सुरुवातीला लोकांना तो रुसला आहे असं वाटलं. रुसण्याची खूण त्याच्या तोंडावर नव्हती. विचारणारे हळूहळू दुसऱ्या विषयांवर गेले. मामा त्यांच्यात बसून तंबाखू मळत असे.

श्रावणात वेणू पंचमीला माहेरी आली. आईने तिला चुलीशी बसवून सगळं विचारून घेतलं. नवरा चांगला होता. सासरे मायाळू होते. आणि वाशिंदच्या त्या भाताच्या घरात तिसऱ्या दिवसापासून मका होता. सासू पहाटे दळायची, जात्याखाली गोणपाट घालून, आवाज जाऊ नये म्हणून. हे सांगताना वेणूला हसू येत होतं. आईलाही आलं. मग वेणू म्हणाली, भाकरी तिला मुद्दाम वाईट करावी लागते.

"मुद्दाम कशाला गो?"

"चांगली केली तर इचारतील ना, कुटं शिकलीस."

म्हणून ती कोरडं पीठ मळायची आणि भाकरी तव्यावर मोडू द्यायची. सासू म्हणायची, "आईनं भाताबिगर काय शिकवलंच नाय का गो तुला?" वेणू ते ऐकून घेई. ऐकून घेणं कठीण नव्हतं, ती म्हणाली. तेच तुकडे आठवडेन् आठवडे घरातली माणसं गिळतात, ते बघणं कठीण होतं. तिच्या हातांना येत होतं आणि ती येऊ देत नव्हती.

मामा मागच्या पडवीत दोरी वळत बसला होता. वेणू त्याच्यापाशी जाऊन बसली. "मामा, मी सासूला सांगू का? माझ्या मामानं शिकवलं म्हनून? त्या मुलखात असं करतात म्हनून? मंग आपल्या घरी मका व्हता, हे निघनार नाय."

मामाने दोरीचा पीळ घट्ट केला. "तिथं भात खातात गो," तो म्हणाला.

वेणूने दोरीचं दुसरं टोक धरलं.

यंदा राबाच्या धुरातून हरिभाऊ आले होते, नातवाला दाखवायला. आता मक्याचं कोणी लपवत नाही. रेशन इतकं लांबलं की लोकांना लपवण्याचा कंटाळा आला. हरिभाऊ ओट्यावर बसून मोठ्याने सांगत होते, "पोरगी गुनाची हाय तुमची. पन मक्याची भाकरी काय तिला जमत नाय. अजून मोडते. कशी जमंल, भातावरची पोर."

खरं सांगायला याहून सोपी वेळ आली नसती. वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली.

"तिला सवय नाय," ते म्हणाले.

वेणू दारात होती, पोर कडेवर. आम्ही सगळे हरिभाऊंबरोबर थोडंसं हसलो. मामा पायरीवरून उठला आणि पाहुण्यांच्या बैलांना पाणी दाखवायला गेला.